भार नसलेल्या तारा

ठाण्यातल्या वर्तकनगरच्या जुन्या म्हाडा इमारतींच्या मधल्या अंगणात दिवाळीला किल्ले व्हायचे. पुनर्विकासात जिथे थोडी माती वाचली आहे तिथे अजूनही होतात. त्या किल्ल्यांना प्रमाण नसतं. बुरुजापेक्षा मावळा उंच, तोफ दरवाज्यापेक्षा मोठी, आणि सिंहासनावरचे महाराज उठून उभे राहिले तर बालेकिल्ला त्यांच्या गुडघ्याला लागेल. पाहणाऱ्यांपैकी कुणालाही त्यात काही खटकत नाही. जे महत्त्वाचं ते मोठं, हा तिथला कायदा आहे आणि तो पोरांना शिकवावा लागत नाही. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातही तोच चालतो: भिक्षापात्र घेऊन दारात उभा असलेला बुद्ध यशोधरा आणि राहुलच्या कितीतरी पट उंच रंगवलेला आहे.

प्रमाणबद्ध प्रतिकृती करणारा माणूस बरोबर याच्या उलट शपथ घेऊन बसतो. एकास अठ्ठेचाळीस एकदा ठरलं की सगळ्यांना तोच न्याय. इंजिन, चाक, खिळा, वैमानिक, त्याच्या पट्ट्याचं बक्कल, सगळं अठ्ठेचाळीस पटींनी लहान. या आकड्यातही गूढ काही नाही. इंग्रजी मापात एका फुटाला पाव इंच धरला की अठ्ठेचाळीस येतात, आणि आराखडा काढणाऱ्याला पट्टीवर तेच सोयीचं पडतं. मी सध्या ज्या विमानाच्या मागे आहे त्याचा पंखविस्तार साडेबत्तीस फूट होता. पाव इंचाच्या हिशेबाने तो सव्वाआठ इंचांच्या जरा आत बसतो, म्हणजे शाळेच्या वहीवर आडवा ठेवता येईल एवढा.

विमान आहे सॉपविथ कंपनीचं डॉल्फिन. पहिल्या महायुद्धातलं इंग्रजी लढाऊ दुपंखी, हर्बर्ट स्मिथने आखलेलं, मे १९१७मध्ये पहिल्यांदा उडालेलं. त्याच कंपनीचं कॅमल नावारूपाला आलं, डॉल्फिन मागे पडलं. फ्रान्समधल्या आघाडीवर ते जेमतेम चार स्क्वाड्रनकडे होतं. दुपंखी विमानात सहसा वरचा पंख खालच्यापेक्षा जरा पुढे असतो. स्मिथने खालचा पुढे नेला आणि वरचा मागे, आणि वरच्या पंखाच्या मधोमध पोलादी नळ्यांची उघडी चौकट ठेवली. त्या चौकटीतून वैमानिकाचं डोकं पंखाच्या वर यायचं. त्याला वर आणि पुढे मोकळं आकाश दिसायचं. अडचण एवढीच की उतरताना विमान उलटलं तर जमिनीला पहिल्यांदा लागणार ती त्याची मान. सुरुवातीला वैमानिक या विमानाला बिचकत ते त्याचमुळे. त्यात त्याची ठेवण ओळखीची नसल्याने आपल्याच बाजूच्या लोकांनी त्याला शत्रूचं समजून गोळ्या घातल्याचेही प्रसंग झाले.

डॉल्फिनच घेण्याचं कारण मुंबईशी जोडलेलं आहे. त्या युद्धात ब्रिटिश विमानदळात लढाऊ वैमानिक म्हणून गेलेल्या मोजक्या हिंदी तरुणांपैकी चार नावं कायम घेतली जातात: हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरॉल चंदर सेन आणि श्रीकृष्ण वेलिंकर. मलिक आणि रॉय यांच्यावर बरंच लिहिलं गेलं. रॉय यांच्या नावावर दहा विजय आहेत, मलिक पुढे मोठे राजदूत झाले. वेलिंकर मुंबईचा. केंब्रिजला शिकला, लेफ्टनंट झाला आणि तेविसाव्या स्क्वाड्रनमध्ये डॉल्फिन उडवू लागला. १९१८च्या जूनअखेरीस तो जर्मन बाजूला पडला आणि ३० जूनला जखमांनी गेला. तिकडच्या नोंदीत त्याचं नाव बिघडून लिहिलं गेलं, त्यामुळे युद्ध संपल्यावरही काही काळ घरच्यांना निश्चित ठावठिकाणा मिळेना. आता त्याची कबर फ्रान्समध्ये, सोम नदीच्या परिसरातल्या हँगार्डच्या लष्करी दफनभूमीत आहे. मराठी शाळांच्या इतिहासाच्या पुस्तकात तो मला कधी भेटला नाही. आपल्याकडे विमानाचा इतिहास म्हटला की १९३२ सालच्या टाटांच्या कराची–मुंबई टपालफेरीपासून सुरुवात करायची सवय आहे. त्याआधीचं सगळं धूसर.

आता तारांकडे येतो. दुपंखी विमानाची प्रतिकृती करणाऱ्यांची खरी परीक्षा तिथेच असते, आणि मला जे म्हणायचं आहे तेही त्या तारांतच अडकलेलं आहे.

दुपंखी विमानाच्या दोन पंखांमध्ये उभे लाकडी खांब असतात आणि त्या खांबांच्या चौकोनांतून तिरप्या तारा ओढलेल्या असतात. लांबून पाहणाऱ्याला ते जुन्या काळचं गुंतागुंतीचं जाळं वाटतं. पण प्रत्येक तारेला एकच काम नेमून दिलेलं आहे. धडाच्या खालच्या कडेपासून निघून बाहेरच्या खांबाच्या माथ्याकडे जाणारी तार उड्डाणात ताणली जाते, कारण हवा पंखांना वर उचलते आणि पंखांनी धडाला सोडून एकटंच वर जाऊ नये म्हणून कुणीतरी धरून ठेवावं लागतं. उलट दिशेने, वरच्या पंखाच्या मध्यापासून बाहेरच्या खांबाच्या पायथ्याशी येणारी तार जमिनीवर उभं असताना पंखांचं वजन पेलते. पहिलीला उड्डाणाची तार म्हणतात, दुसरीला उतरण्याची. उड्डाणाच्या तारा बहुधा दुहेरी असतात, एक तुटली तर दुसरी आहे म्हणून. उभे खांब दाबाखाली, तिरप्या तारा ताणाखाली. तार फक्त ताण घेते, दाब आला की ढिली पडते, म्हणून दोन्ही दिशांना वेगळी तार लागते.

ही व्यवस्था विमानविद्येतली नाहीच, ती पुलावरून आलेली आहे. ऑक्टेव्ह शनूट हा अमेरिकेतला रेल्वे इंजिनिअर. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली आणि पुढच्याच वर्षी ती खाडी ओलांडून कल्याणला पोचली, त्या दिवसांत हा विशीतला तरुण तिकडे रूळ टाकण्याच्या कामात होता. पुढे १८६९मध्ये कॅन्सस सिटीला मिसुरी नदीवरचा पहिला पूल त्याने बांधला. साठीच्या आसपास त्याने उडण्याच्या वेडाला वाहून घेतलं. जगभरातले उडण्याचे प्रयत्न गोळा करून १८९४मध्ये त्याने पुस्तक काढलं, आणि १८९६मध्ये मिशिगन सरोवराच्या वाळूच्या टेकड्यांवर स्वतःचे ग्लायडर उडवून पाहिले. वय पाहता उडण्याचं काम त्याने तरुण सहकाऱ्यांवर सोपवलं. त्यातल्या दुपंखी ग्लायडरला त्याने रेल्वेच्या पुलाची कैची लावली, प्रॅट पिता-पुत्रांच्या नावाने ओळखली जाते ती: उभे दांडे दाबाला, तिरपे ताणाला. राइट बंधूंनी १९००मध्ये त्याला पहिलं पत्र लिहिलं, आणि १९०३मध्ये जे उडालं त्याच्या पंखांमध्ये हाच पूल होता.

म्हणून दुपंखी विमान पाहायला मला आवडतं. त्यात काही लपलेलं नसतं. भार कुठून कुठे जातो हे बोटाने दाखवता येतं. आजच्या विमानाचा पंख पत्र्याच्या आत आपलं बळ झाकून घेतो, आपण खिडकीतून नुसता वाकताना पाहतो आणि देवाचं नाव घेतो. पातळ पंख एकट्याने उभा राहील एवढं बळकट लाकूडकाम त्या काळी हलक्या वजनात जमत नव्हतं, म्हणून दोन पंख एकमेकांना बांधून खोल पेटी करायची. एकपंखी विमानं होती, पण पडत होती. ब्लेरिओसारख्या जाणत्या माणसाने १९१२मध्ये फ्रेंच सैन्याला कळवलं की वरच्या तारांना जमिनीवरच्या वजनापुरतंच काम आहे हा समज चुकीचा आहे, सूर मारताना हवा पंखांना खालीही दाबते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्रिटिश लष्कराने आपल्या वैमानिकांना एकपंखी विमानं काही काळ बंदच केली. पुढे १९१५च्या डिसेंबरात जर्मनीत युंकर्सने तारा-खांबांवाचून सबंध धातूचं विमान उडवून दाखवलं तेव्हा तारांचे दिवस भरले हे दिसू लागलं. हवेला अडवण्यात तार भलतीच नाठाळ असते. गोल तार जितका अडथळा करते तितकाच तिच्या दहापट जाडीचा, माशाच्या आकाराचा खांब करतो. म्हणून इंग्रजांनी पात्यासारख्या चपट्या तारा घडवल्या आणि त्या धारेवर उभ्या लावल्या. एवढं करूनही शेवटी तार गेलीच.

प्रतिकृतीत हीच तार मी तंगुसाची करतो. चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूला मासेमारीच्या सामानाच्या दुकानात अगदी बारीक तंगूस मिळतो. मूळ तार सेंटिमीटरभरही रुंद नसायची. अठ्ठेचाळीसने भागलं की ०.२ मिलिमीटरच्या आत येते, म्हणजे तंगूस बरोबर बसतो. खांबाच्या मुळाशी हाताच्या ड्रिलने केसाएवढं भोक पाडायचं, तंगूस ओवायचा, एका बाजूला फेव्हिक्विकचा ठिपका सुईच्या टोकाने ठेवायचा. दुसऱ्या टोकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लटकवून द्यायचा म्हणजे ताण राहतो, मग तिकडेही ठिपका. वाळल्यावर तार किंचित सैल दिसली तर पेटती उदबत्ती तिच्याजवळून, न टेकवता, एकदाच फिरवायची. नायलॉन आखडतं आणि तार कडक होते. उदबत्ती क्षणभर जास्त रेंगाळली की तार तुटते, पुन्हा पहिल्यापासून. घरात त्या दिवशी मोगऱ्याचा वास येतो आणि शेजारच्यांना वाटतं पूजा आहे.

आणि एवढं करून ती तार काहीही करत नाही. पंख प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर आणि गोंदावर उभे आहेत, सगळ्या तारा कापून टाकल्या तरी जागचे हलणार नाहीत. ज्या वस्तूचं सगळं सौंदर्य भार वाहण्यात होतं तिची मी भाररहित आवृत्ती करतोय, आणि तीत जिवापाड जपतोय तो ताणच. सैल तार पाहणाऱ्याच्या डोळ्यांना लगेच खुपते. त्याला उड्डाणाची तार कोणती आणि उतरण्याची कोणती हे ठाऊक नसेल, पण ढिली तार म्हणजे विमान मेलं हे त्याला कळतं. आपल्याला बळाची जाण डोळ्यांनीही असते, हे मला या तंगुसाने शिकवलं. माझ्यापुरतं मी एक पथ्य ठेवलंय. ज्या तारेचं काम सांगता येत नाही ती ओढायची नाही. चित्रात दिसते म्हणून ओढलेली तार नक्षी होते. पंखाच्या आतल्या बाजूला पुढून मागे जाणारी एक आखूड तार बरेच जण विसरतात किंवा भलतीकडे लावतात. दोन पंख एकमेकांपासून पुढे-मागे सरकू नयेत म्हणून ती असते. डॉल्फिनमध्ये वरचा पंख मागे असल्याने तिचा कल नेहमीच्या विमानांच्या उलट पडतो. हे कळलं की हात आपोआप योग्य जागी जातो.

इथे थोडं विषयांतर होईल. विमानांच्या गप्पा निघाल्या की आपल्याकडे कुणीतरी शिवकर बापूजी तळपद्यांचं नाव काढतोच. १८९५मध्ये चौपाटीवर त्यांनी विमान उडवलं, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, वगैरे. त्यांच्या निष्ठेविषयी मला शंका नाही, पण त्या यंत्राचा मोजमापांसह आराखडा कुणी पुढे ठेवलेला नाही. ज्या वैमानिक शास्त्राचा हवाला दिला जातो तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगून लिहून घेतलेला आहे आणि त्यातल्या आकृत्या १९२३ साली बंगळूरच्या एका ड्राफ्ट्समनने काढल्या. बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४मध्ये त्या तपासल्या आणि ही यंत्रं उडू शकत नाहीत असा निर्वाळा दिला. मला त्यांच्या गणिताची फारशी गरज वाटली नाही. प्रतिकृतीवाल्याच्या नजरेने त्या आकृत्या पाहिल्या तरी पुरे. मजल्यावर मजले चढवलेले दिसतात, पण पंखावर आलेला भार कुठल्या वाशातून, कुठल्या सांध्यातून खाली येतो हे विचारलं की चित्र गप्प बसतं. शनूटच्या ग्लायडरला हा प्रश्न विचारा, तो तार दाखवतो. पूर्वजांचा अभिमान बाळगायला माझी हरकत नाही. त्यासाठी वेलिंकर आहे की, नाव-गाव-तारखेसह.

पुन्हा प्रमाणाकडे. लांबी अठ्ठेचाळीस पटींनी घटते तेव्हा पृष्ठभाग त्याच्या वर्गाने घटतो आणि वजन घनाने. गॅलिलिओने १६३८च्या ग्रंथात हेच सांगितलं: मोठ्या प्राण्याची हाडं लहान प्राण्याच्या हाडांची नुसती वाढवलेली नक्कल असून चालत नाहीत, जाड असावी लागतात. आपल्या बाजूने उलटं मोजून पाहा. भरलेल्या डॉल्फिनचं वजन नऊशे किलोच्या जरा खाली. अठ्ठेचाळीसचा घन होतो १,१०,५९२. भागाकार केला की उत्तर येतं आठ ग्रॅम. इंजिन, बंदुका, पेट्रोल आणि वैमानिक धरून आठ ग्रॅम. त्यात सत्तर किलोच्या माणसाच्या वाट्याला ग्रॅमचे सहा दशांश. माझ्या टेबलावरचं प्लॅस्टिक त्याहून कितीतरी जड आहे. म्हणजे सगळ्यांना सारखं लहान करण्याची शपथ लांबी-रुंदीपुरतीच खरी, वजनाच्या दारात ती मोडली.

रंगाच्या दारातही मोडते. रंगाचा एक पातळ थर ०.०५ मिलिमीटर धरला तर मूळ विमानावर तो अडीच मिलिमीटरांच्या आसपास झाला असता, खाली असलेल्या कापडापेक्षा कितीतरी जाड. कापडाचं तर विचारूच नका. पंखांवर आयर्लंडचं लिननचं कापड ताणून बसवत. ते फासळ्यांना टाक्यांनी शिवून, टाक्यांवर कातरलेल्या कडांची पट्टी चिकटवत. दोन फासळ्यांच्या मध्ये कापड किंचित खोल बसे. हा खोलगटपणा अठ्ठेचाळीसने भागला की डोळ्यांना दिसूच नये. पण किट बनवणारे तो ठसठशीत करतात, भुकेल्या कुत्र्याच्या बरगड्या दिसाव्यात तसा, कारण विकत घेणाऱ्याला कापडाचा पंख असाच असतो असं वाटतं. महत्त्वाचं ते मोठं हा दिवाळीतला कायदा इथे मागच्या दाराने आत येतो. कट्टर लोक पॉलिश पेपरने घासून सगळं सपाट करतात. मी निम्मं घासतो. पूर्ण सपाट केलेला पंख मोजमापाने बरोबर असतो आणि पाहणाऱ्याला पत्र्याचा वाटतो. तो पत्र्याचा वाटला तर माझं मोजमाप खोटं बोललं असंच मी म्हणेन.

कापड ताणलं जावं, हवा आत शिरू नये म्हणून त्यावर डोप नावाचं सेल्युलोजचं द्रव्य फासत. युद्धाच्या पहिल्या वर्षांत डोपमध्ये टेट्राक्लोरोइथेन असे. कारखान्यातल्या बायका त्याच्या वाफेने काविळीने आजारी पडल्या, काही दगावल्या, मग ते बंद झालं. पंख शिवणाऱ्या आणि रंगवणाऱ्यांत बायकाच बहुसंख्य होत्या. आकाशातल्या शूरांची यादी करताना ही नावं धरत नाहीत. डोपला दुसरा शत्रू दमट हवा. हवेत पाणी जास्त असलं की वाळताना पृष्ठभाग धुरकट पांढरा पडतो, म्हणून डोपची खोली उबदार, कोरडी ठेवावी लागे. ठाण्यात जुलैमध्ये लॅकरचा फवारा मारला की तेच होतं. येऊरच्या डोंगरावरून ढग उतरून उपवन तलावावर बसले की मी रंगाचं सामान कपाटात ठेवतो आणि कोरीवकाम काढतो. माझं वर्ष असं विभागलेलं आहे: पावसाळ्यात लाकूड आणि तारा, दिवाळीनंतर रंग.

कापडावरून आठवलं. वर्तकनगरला लागूनच जेके ग्राम. रेमंडची लोकरी कापडाची गिरणी १९२५पासून तिथे होती. ती बंद पडली आणि त्या जमिनीवर आता उंच इमारती उभ्या आहेत. त्याच रेमंडचे विजयपत सिंघानिया यांना उडण्याचं वेड. १९८८मध्ये ते एकटे मायक्रोलाइट विमानातून इंग्लंडहून भारतात आले, आणि २६ नोव्हेंबर २००५ला मुंबईहून उष्ण हवेच्या फुग्यातून २१ किलोमीटरपर्यंत चढून त्यांनी जागतिक विक्रम केला. कापडवाल्याने कापडाच्या फुग्यातून आकाश गाठावं यात मला एक कौतुकाची गंमत वाटते. माझ्या हातातली कानसही त्याच घराण्यातली, जेके छापाची. त्यांचे कानशींचे कारखाने रत्नागिरी-चिपळूणकडे. प्रतिकृतीसाठी परदेशी बारीक कानशी मिळतात, पण लाकडाला जेकेची अर्धगोल कानस मला पुरते.

लाकूड लागतं ते पंख्याला. किटमधला प्लॅस्टिकचा पंखा मी वापरत नाही. मूळ पंखा पाच-सहा फळ्या एकमेकांवर चिकटवून कोरलेला असे. कोरल्यावर त्या थरांच्या रेषा पात्यावर वळणं घेत बाहेर येत. हे रंगवून दाखवता येतं, पण रंगवलेली रेषा पात्याच्या वळणाशी इमान राखत नाही. त्यापेक्षा प्लायवुडच्या दुकानातून विनिअरचे नमुन्याचे तुकडे आणावेत, एक सागवानी, एक फिकट, असे आलटून पालटून फेव्हिकॉलने चिकटवून जड वस्तूखाली रात्रभर दाबून ठेवावेत. मग चाकूने ढोबळ आकार, कानशीने पिळा, शेवटी पॉलिश पेपर. पात्याचा पिळा मध्याजवळ उभट आणि टोकाकडे आडवा होत जातो, कारण टोक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं. कानस त्या पिळ्याने फिरत जाते तशा थरांच्या रेषा आपणहून योग्य जागी उमटतात. मी त्या काढल्या नाहीत, त्या आल्या. आमच्या मजल्यावर वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला आयुष्य काढलेले एक काका राहतात. त्यांनी पंखा उजेडात धरून दोन्ही पात्यांवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "डावं पातं जरा जड आहे. बॅलन्स करून घे." मी म्हटलं, "काका, हा फिरणार नाहीये." "म्हणून काय झालं?" असं म्हणत त्यांनी टाचणीवर पंखा आडवा ठेवला, डावीकडे झुकला तेव्हा मान हलवली आणि माझ्याकडे कानस सरकवली.

काकांच्या या एका वाक्यात माझ्या सगळ्या तारांचं उत्तर आहे असं मला वाटतं. न फिरणारा पंखा तोलून घ्यायचा, न पेलणारी तार ताणून घ्यायची. आयुष्यभर हजारांश इंचात काम केलेल्या माणसाला यात वेगळं काही केल्यासारखं वाटलंच नाही. त्यांच्या लेखी वस्तू बरोबर असते किंवा नसते, वापरली जाणार की नाही हा वेगळा विषय. मी मात्र तिथे पूर्ण पोचत नाही. मला बरोबर असण्याचं कारण लागतं, आणि कारण कळलं की कधी कधी मापाशी तडजोडही करतो, जशी फासळ्यांशी केली. काकांनी फासळ्या पाहिल्या असत्या तर त्या घासून सपाट करायला लावल्या असत्या. म्हणून अजून दाखवलेल्या नाहीत.

रंगाचं काम नोव्हेंबरात निघेल. इंग्रज विमानांच्या वरच्या बाजूला पीसी-टेन नावाचा रंग असे, आणि तो हिरवट की तपकिरी यावर प्रतिकृतीवाल्यांची भांडणं दशकानुदशकं चालू आहेत. घटक साधे: पिवळ्या मातीचं रंगद्रव्य, म्हणजे आपली रामरज, आणि त्यात चिमूटभर काजळी. पिवळ्यात काळं मिसळलं की हिरवट झाक येते हे चित्रकलेच्या वर्गातलं पोरही सांगेल. पण डोप कोणतं, ते किती जुनं झालं, ऊन किती लागलं, यावर तोच रंग तपकिरीकडे सरकतो. तेव्हा दोन्ही पक्ष खरे, फक्त वेगवेगळ्या महिन्यांतले. माझं विमान जूनमधलं आहे, उन्हाळ्यात आघाडीवर राहिलेलं. मी तपकिरीकडे झुकणारा घेणार. आणि त्यात थोडं पांढरं मिसळणार, कारण लहान वस्तूवर गडद रंग असतो त्याहून गडद दिसतो.

वैमानिक बसवायचा की नाही यावर मात्र मी बराच काळ घोळ घातला. बरेच जण बसवत नाहीत. माणूस घातला की विमान खेळणं वाटू लागतं असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. पण डॉल्फिनची सगळी आखणी एका डोक्याभोवती झालेली आहे. वरचा पंख मागे सरकला, चौकट उघडी राहिली, तारांचा कल उलटला, ते कुणाला तरी दिसावं म्हणून. त्या चौकटीत कुणी नसेल तर पाहणाऱ्याला ते भोक का ठेवलं हेच कळणार नाही. तेव्हा वैमानिक बसणार. बाजारात मिळतात त्या पुतळ्या उंचीला साडेतीन सेंटिमीटर, कातडी टोपी, गॉगल, मफलर गुंडाळलेल्या, आणि चेहऱ्याला गुलाबी रंग द्यावा असं त्यांच्या सूचनापत्रात छापलेलं असतं. उघडा चेहरा म्हणजे नाकाचा शेंडा, गाल आणि हनुवटी, सगळं मिळून मसुराच्या डाळीएवढंही नाही. तेवढ्यासाठी वेगळी बाटली आणायची गरज नाही. पीसी-टेनसाठी आणलेली रामरज आहे, तीत थोडा गेरू आणि किंचित पांढरं मिसळलं की गव्हाळ होतो.